नाक आणि स्टेरॉइडचा फवारा

उदबत्तीचा धूर, फोडणीचा खकाणा, पहाटेचा गारवा, एवढ्यानेच नाक चोंदते वा वाहू लागते. अ‍ॅलर्जीच्या तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. अशा रुग्णांना मी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा लिहून दिला, की पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, सवय तर नाही ना लागणार?"

नाही लागत. सवय लागते ती नाक क्षणात मोकळे करणाऱ्या थेंबांची! ते आठवडाभराच्या वर घेतले तर नाक उलट अधिकच चोंदते. फवाऱ्याचे काम संथ. तो रोज नेमाने घ्यावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे तोंड आपोआप कानाकडे वळते. मधल्या पडद्यावर मारलात, तर घोळणा फुटायची भीती.

आता गुणाचे. कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली या दुखण्यावरच्या ३४ चाचण्या तपासल्या, तेव्हा पुरावा कच्चाच निघाला. म्हणून मी महिन्याची मुदत घालून देतो. उतार पडला तर ठीक, नाहीतर बाटली बंद. आणि हो, तिखट खाताना ज्यांचे नुसते पाणीच गळते, त्यांचे औषध निराळे असते. ते आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.