शिवणाची पेटी : आत्याबाईंचे इरकली

गेल्या खेपेस सदऱ्याची झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी बसवावी याविषयी आम्ही लिहिले होते. त्यावर कित्येक वाचकभगिनींनी एकच विचारणा केली आहे. इसवी सन १९४० ते १९५० च्या सुमाराच्या चित्रांतून व छायाचित्रांतून दिसतो तसा, कॉलरचा, समोर बटणे असलेला, कमरेस कापडी पट्टा बांधावयाचा शर्ट-फ्रॉक घरच्या घरी शिवता येईल काय, आणि येत असल्यास त्याला कापड कोणते व किती घ्यावे? योगायोग असा की नेमका हाच प्रश्न आमच्या घरात दिवाळीनंतर उपस्थित झाला होता, आणि तो केवळ कापडाचा राहिला नाही. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आमचे बिऱ्हाड आता सूस येथे आहे. पाषाणहून खिंड ओलांडली की लागणारे हे मुळशी तालुक्यातील गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. आम्ही मात्र त्यापूर्वीच, नारायण पेठेतील वाडा पाडावयाचे ठरले तेव्हा, चार पिढ्यांसह येथील इमारतीच्या सातव्या मजल्यावर येऊन राहिलो. वाड्यातील बहुतेक सामान वाटले, विकले. दोन वस्तू मात्र नव्वदी ओलांडलेल्या सासूबाईंनी हट्टाने बरोबर आणविल्या : आत्याबाईंचे पायाने चालवावयाचे शिवणयंत्र आणि त्यांची पत्र्याची ट्रंक.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी. १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा अमलात यावयाचा होता व त्याआधी लहान मुलींची लग्ने उरकून घेण्याची जी घाई उडाली, त्या घाईत तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि पंधरावे सरण्यापूर्वी त्या परत माहेरी आल्या. पुढे त्यांना पुण्याच्या सेवासदनात शिवणाच्या वर्गास घातले. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली उभ्या केलेल्या त्या संस्थेने अशा किती मुलींच्या हाती कातर दिली! आत्याबाई घरी बसून पुरुषांचे सदरे शिवीत. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, नवे कापड मिळेनासे झाले, तेव्हा जुने सदरे उलटवून देण्याचे काम त्यांच्याकडे इतके येई की मध्यरात्रीपर्यंत यंत्राचा आवाज चाले, असे सासरे सांगत. त्यांचे स्वतःचे शिक्षण त्या यंत्रावर झाले.

आमची नात तेवीस वर्षांची आहे. तिला असा फ्रॉक हवा होता, आणि तयार मिळतो तो नको होता. त्याचे कापड पातळ, शिवण उघडी आणि कॉलर दोन धुण्यांत मान टाकणारी, ही तिची तक्रार अगदी रास्त होती. रविवार पेठेत कापडगंजात जाऊन सुती पॉपलिन आणावे असे आम्ही ठरवीत होतो, तोच काही कामासाठी ट्रंक उघडली गेली आणि तळाशी ते लुगडे सापडले. हिरव्या चौकडीचे नऊवारी इरकली, अंग सुती, काठ रेशमी, पदर लाल. आत्याबाईंच्या पहिल्या दिवाळसणाचे. एकदाही नेसलेले नव्हते.

"आजी, याचाच शिवू या," असे नात म्हणाली आणि सासूबाई ताडकन म्हणाल्या, "त्याला कातर लावायची नाही."

आम्हांस वाटले, हे जुन्या वस्तूवरील प्रेम. वस्तुतः आपल्या घरांतून लुगड्यास कातर लावणे कधीच निषिद्ध नव्हते. जुन्या लुगड्याची गोधडी होई, परकर-पोलके होई, बाळाची दुपटी होत, आणि शेवटी समईच्या वाती. शिवलेले वस्त्र सोवळ्यात चालत नसे हे खरे, पण म्हणून कोणी शिवावयाचे थांबले नाही. हे सारे आम्ही सासूबाईंस सांगून पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी संध्याकाळी आपण होऊन म्हणाल्या, "सूनबाई, मी बावन्न साली या घरात आले तेव्हा वन्संनी हे लुगडे माझ्यापुढे ठेवले होते. म्हणाल्या, तू नेस, घडी मोडेल. मोठ्या बायका म्हणाल्या, नव्या नवरीने हे घ्यायचे नसते. मी अठरा वर्षांची होते. मला हवे होते. मी हात पुढे केला नाही. त्यांनी पुन्हा घडी घातली आणि ट्रंकेत ठेवले."

आम्ही त्यांच्या घरात पन्नास वर्षे काढली. हे कधी ऐकले नव्हते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पोरीला दे. पण त्यांच्या यंत्रावर शीव."

आता शिवणाकडे वळू.

जुन्या वळणाचा शर्ट-फ्रॉक म्हटले की डोळ्यांसमोर दोन निरनिराळी वस्त्रे येतात, आणि पुष्कळदा कापडाचा हिशेब चुकतो तो या घोटाळ्यामुळे. एक वळण महायुद्धाच्या काळातले. इंग्लंडात १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने, आणि त्यांतील सात एका सुती फ्रॉकला जात. अशा दिवसांत फ्रॉकाचा घेर बेताचा, लांबी गुडघ्याच्या किंचित खाली, खिसे थोडे आणि चुण्या अगदी मोजक्या असत. दुसरे वळण १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये दिऑर यांनी आपला पहिला संग्रह दाखविला त्यानंतरचे : बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत आलेला भरघोस घेर, ज्याला पहिल्याहून कितीतरी अधिक कापड लागते. हौस असल्यास दुसरे शिवावे. प्रथमच हात घालणाऱ्या भगिनींनी पहिले निवडावे. तो रोजच्या वापरास सुटसुटीत असतो, आणि बेतणी चुकली तरी थोडक्यात निभावते. सुती पॉपलिन अथवा हातमागाचे बेताच्या जाडीचे कापड छत्तीस इंच पन्ह्याचे असल्यास मध्यम बांध्याच्या मुलीस चार ते साडेचार वार पुरते. बेतण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात टाकून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड आटते ते शिवल्यावर आटू नये.

जुने कागदी नमुने आता पुन्हा छापून मिळतात. बटरिक यांनी १८६३ साली काढलेली ही मापवार नमुन्यांची युक्ती मोठी सोयीची, पण त्यावरील अंकांस फसू नये. चाळिसाच्या दशकातील अमेरिकन नमुन्यावर सोळा हा अंक असला तर तो छाती ३४ इंच, कंबर २८ इंच अशा मुलीसाठी आहे. आजच्या दुकानातील सोळा अंकाशी त्याचा काही संबंध नाही. फीत घेऊन छाती, कंबर, नितंब व पाठीची उंची मोजावी आणि इंचांवरच विश्वास ठेवावा. आधी मांजरपाटाचा कच्चा फ्रॉक करून अंगावर घालून पाहावा. हा खटाटोप टाळण्याचा मोह आम्हांसही प्रत्येक वेळी होतो.

आत्याबाईंच्या लुगड्याची अडचण निराळीच होती. सुमारे पंच्याण्णव वर्षे ते एकाच घडीत राहिले होते. थंड पाण्यात भिजवून सपाट चादरीवर वाळविले तेव्हा रंग चांगला निघाला. पण दोन्ही अंगठ्यांनी धरून हलकेच ताणून पाहताच घडीच्या रेघेवर धागे तुटले. मधले कापड मात्र मजबूत होते. घाईने बेतले असते तर पहिल्याच बसण्या-उठण्यात पाठ फाटली असती. आपल्याकडेही अशी जुनी वस्त्रे असतील तर ही अंगठ्याची परीक्षा केल्यावाचून त्यांस कातर लावू नये.

आम्ही घड्या मोजल्या. पन्हा पंचेचाळीस इंच, दोनदा दुमडलेला. लांबी तीनदा दुमडलेली. म्हणजे रेघांनी पडलेले चौकोन सव्वाअकरा इंच रुंद व चाळीस इंच लांब. आठ पदर आणि चार पट्ट्या, एकूण बत्तीस तुकडे. त्यांतील काठांकडच्या दोन पट्ट्या सोडल्या तर सोळा तुकडे पूर्ण रुंदीचे, आणि त्यांतही लाल पदर ज्या टोकास होता तेथील दोन आम्ही मोजले नाहीत. उरले चौदा. तीनदा दुमडलेल्या लुगड्यातून वस्त्र काढावयाचे, आणि एकही घडी आत येऊ द्यावयाची नाही!

युद्धकाळचे काटकसरीचे वळण येथे कामास आले. त्याचा खालचा भाग सहा कळ्यांचा असतो. कंबर अठ्ठावीस तर प्रत्येक कळी वर पावणेपाच इंच, खाली दहा इंच, आणि शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच. तळाशी एकूण अकरा. लांबी दुमडीसह बत्तीस. कळी चौकोनात बसली, आणि उभा धागा आपोआप उभाच राहिला. समोरचे दोन भाग असे : छाती चौतीस, सैलपणा चार, त्याचा चौथा हिस्सा साडेनऊ; बटणांच्या आच्छादनास पाऊण इंच, शिवणीस एक. बरोबर सव्वाअकरा. वाचकभगिनींनी हसू नये, पण त्या रात्री आम्हांस हिशेब जुळल्याच्या आनंदाने झोप आली नाही. पाठीचे दोन भाग करून मध्ये शिवण घेतली. खांद्यावरील योक, कॉलर व पट्टा हे लांबीच्या दिशेने काढले. योकास तसा धागा चांगलाच, खांदा त्याने ताणत नाही. बटणपट्टीच्या आतल्या अस्तरास व कॉलरच्या पोटात पांढरे पॉपलिन घातले, कारण इतक्या जुन्या कापडावर सारा भार टाकणे बरे नव्हे. बकरम वापरले नाही. त्या काळी खांद्यांत भरीत त्या गाद्या आम्ही गाळल्या. नातीचे खांदे आहेत तेच पुरेत.

युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने डाव्या कुशीस साखळीऐवजी टिचबटणे लावीत. आम्हीही तेच केले. कमरेच्या शिवणीच्या वर तीन व खाली चार इंच अशी सात इंचांची फट ठेवावी. त्याहून आखूड ठेवल्यास फ्रॉक डोक्यावरून उतरत नाही आणि घालणारी आत अडकून बसते. खालची दुमड हाताने घालावी. यंत्राची टीप तेथे दिसली की सारे वस्त्र बाजारी दिसू लागते. आठवडाभर वस्त्र टांगून ठेवावे व मगच दुमड मारावी, कारण कळ्यांच्या तिरक्या कडा लोंबून खाली येतात.

येथपर्यंत ठीक झाले. मग काजे करावयास घेतले. सहा काजे, हाताने, भोवती आधी धावदोरा घालून, मग कापून, मग दाट टाक्यांनी. तीन पुरे झाले तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून विचारले, "हे डाव्या अंगाला कसे ग?" स्त्रियांच्या वस्त्रास काजे उजव्या भागावर असतात, पुरुषांच्या डाव्या. आयुष्यभर घरातील पुरुषांचे सदरे शिवल्यामुळे आमचा हात सवयीने डावीकडे गेला होता. पॉपलिन असते तर दुसरा भाग कापला असता. येथे तुकडे होते, पण काठांना लागून राहिलेले, अरुंद. नातीस विचारले. ती म्हणाली, "राहू दे आजी, मला काय फरक पडतो!" सासूबाई मात्र पुष्कळ वेळ हसत होत्या. "वन्संचेही सगळे काजे डावीकडेच," असे म्हणून त्यांनी उरलेल्या तिहींपैकी एक आपल्या हाताने करावयास घेतला. त्यांच्या डोळ्यांस आता धागा नीट दिसत नाही. तो काजा वाकडा झाला आहे. वरून चौथा.

शंखाची बटणे तुळशीबागेतून आणली. एक जास्तीचे आतल्या शिवणीस लावून ठेवले आहे.

फ्रॉक नातीने मार्गशीर्षातील पहिल्या गुरुवारी घातला व कामावर गेली. संध्याकाळी आली तेव्हा पट्टा सैल झाला होता आणि डाव्या कुशीचे एक टिचबटण उसवले होते; ते तिनेच शिवले. धुताना असे वस्त्र पिळू नये, कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताळून टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे, आणि सावलीत वाळवावे. उन्हात हिरवा रंग फार लवकर उतरतो.

लाल पदर व काठांच्या पट्ट्या उरल्या. सासूबाईंनी त्या ट्रंकेत ठेवू दिल्या नाहीत. कपड्याच्या ठाणातील पुठ्ठ्याची एक नळी आमच्याकडे होती. तिच्यावर स्वच्छ मलमल घालून, तिच्यावर पदर गुंडाळून तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. घडी घातलेली नाही.