‘डू नॉट’ की ‘डोन्ट’?

झाशीहून ललितपूरच्या दिशेने निघाले की शहराच्या दक्षिणेला बिजौली लागते. औद्योगिक वसाहत, रेल्वेचे लहानसे स्टेशन आणि त्याच पट्ट्यात खैलारला सत्तरच्या दशकात उभा राहिलेला भेलचा कारखाना, जिथे ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने तयार होतात. इथल्या घरांत बुंदेली आणि हिंदी चालते. झाशी शहरातल्या काही घरांत मराठीही चालते, आणि ती इथे पाहुणी नाही. अठराव्या शतकात मराठा सुभेदार नारो शंकरांनी झाशीचा किल्ला वाढवला, पुढे नेवाळकर घराण्याची सत्ता आली, आणि १८४२ साली ज्या गणेश मंदिरात लक्ष्मीबाईंचे लग्न लागले ते आजही महाराष्ट्र गणेश मंदिर म्हणूनच ओळखले जाते.

या मराठी घरांतल्या मुलांची आणि बिजौलीच्या बुंदेली मुलांची एक अडचण मात्र सामाईक आहे. पुण्या-नागपूरच्या मराठी शाळांतल्या मुलांनाही ती चुकलेली नाही. इंग्रजी धडा वाचता येतो, प्रश्नोत्तरे लिहिता येतात, परीक्षेत बरे गुणही पडतात; पण समोरचा माणूस सहज वेगाने बोलू लागला की वाक्य हातातून निसटते. निसटण्याची कारणे अनेक असतील. एक कारण मात्र अगदी नेमके आहे आणि ते शाळेत दुरुस्त होऊ शकते. पुस्तकात ‘आय अॅम’, ‘डू नॉट’, ‘विल नॉट’ असे सुटे सुटे शब्द शिकवलेले असतात आणि बोलणारा ‘आयम’, ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ म्हणून मोकळा होतो. शिक्षक ज्यांना ‘शॉर्ट फॉर्म’ म्हणतात ती ही आखूड रूपे शिकवायची का, केव्हा शिकवायची आणि मुलांनी ती लिहिली तर काय करायचे, यावर शाळांचे एकमत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, तरीही हा प्रश्न बहुतेक वेळा त्या त्या वर्गातल्या शिक्षकाच्या मर्जीवर सुटतो.

पूर्ण रूपांचा आग्रह धरणाऱ्यांना जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे वजनदार आहे. आखूड रूपात व्याकरण लपते. शब्दामागे अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ दिसला तर तिथे ‘इज’ आहे, ‘हॅज’ आहे की षष्ठीचा प्रत्यय, हे वाक्याच्या पुढच्या भागावरूनच कळते. ‘लेट्स’मध्ये तर तोच ‘एस’ चक्क ‘अस’चा असतो. ‘आयड’मधला ‘डी’ कधी ‘हॅड’चा तर कधी ‘वुड’चा. ज्या मुलाच्या मनात पूर्ण वाक्याचा सांगाडा पक्का नाही त्याने हे कशाच्या आधारावर ओळखायचे? ‘दे आर’ आखडून जे रूप होते ते, ‘तिथे’ या अर्थाचा ‘देअर’ आणि ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ हे तिन्ही कानाला सारखेच लागतात. इंग्रजी ज्यांची आईची भाषा आहे तेही इथे घसरतात. ‘शुड हॅव’ आखडून बोलले की ते ‘शुड ऑफ’सारखे ऐकू येते, आणि इंग्लंड-अमेरिकेतली कितीतरी मुले ते तसेच लिहितात. ‘इट्स’ कुठे अपॉस्ट्रॉफी घेते आणि कुठे घेत नाही हा गोंधळ तर इतका जुना की १७८७ सालच्या अमेरिकेच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखितातही ‘त्याचे’ या अर्थाच्या शब्दात अपॉस्ट्रॉफी पडलेली आहे.

या बाजूचा दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे मुख्यतः इंग्रजीत चालते. कायदा ‘शॅल नॉट’ म्हणतो, ‘शान्ट’ म्हणत नाही. निविदा, करार, नोकरीचे नियुक्तिपत्र, बँकेची नोटीस यांत पूर्ण रूपेच येतात, आणि आपल्याकडच्या सामान्य माणसाचा इंग्रजीशी सर्वांत महागडा संबंध याच कागदांवर येतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. भारतात इंग्रजी बहुतांशी भारतीयांच्या आपसातच बोलली जाते. बिजौलीतला सुपरवायझर चेन्नईच्या पुरवठादाराशी बोलतो तेव्हा दोघांच्याही दृष्टीने ती शिकलेली भाषा असते. अशा वेळी ‘आय विल नॉट बी एबल टु सेंड इट टुडे’ हे सावकाश, सुटे सुटे वाक्य अधिक कामाचे ठरते. लंडनच्या माणसासारखे बोलता आले नाही म्हणून कुणी कमी ठरत नाही, आणि ठरू नये.

एवढे मान्य करूनही माझा कौल कानाच्या बाजूने जातो. भाषा आधी ऐकली जाते, हे त्याचे कारण. इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले बारके शब्द, म्हणजे सहायक क्रियापदे, सर्वनामे आणि शब्दयोगी अव्यये, जोराच्या दोन जागांमध्ये चेपले जातात. मराठीत, हिंदीत प्रत्येक अक्षराला साधारण त्याची त्याची जागा मिळते. त्यामुळे मराठी कान प्रत्येक अक्षराची वाट पाहत बसतो आणि इंग्रजी बोलणारा ती अक्षरे उच्चारतच नाही. आखूड रूपे म्हणजे ही चेपाचेपी जिथे लिपीतही उतरली आहे अशा जागा. त्या ओळखायला शिकणे ही ऐकण्याच्या शिक्षणाची पहिली पायरी आहे. ती पायरी गाळून मुलाला दहावीपर्यंत नेले तर त्याला केवळ कागदावरची इंग्रजी मिळते.

आखूड रूप म्हणजे आळस किंवा बिघाड, ही समजूतही टिकत नाही. ती समजूत आपल्या एकट्यांचीही नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात या तोडलेल्या शब्दांवर कडाडून टीका केली, पुढच्याच वर्षी ‘स्पेक्टेटर’मध्ये जोसेफ अॅडिसनने ‘कान्ट’, ‘शान्ट’, ‘वोन्ट’ ही नावे घेऊन तीच तक्रार मांडली. इंग्रजी त्यांचे ऐकून थांबली नाही. शेक्सपिअरच्या काळात ‘इट इज’ आखडून ‘टिज’ होत असे. ते रूप मागे पडले आणि ‘इट्स’ रूढ झाले. ‘विल नॉट’चे ‘वोन्ट’ कसे झाले हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर जुन्या उच्चारात आहे: ‘विल’च्या शेजारी एके काळी ‘वोल’ असेही रूप चालत होते, त्याचा हा अवशेष. हे मुलांना सांगितले तर ‘वोन्ट’ हा घोकण्याचा अपवाद राहत नाही.

आणि आखडणे आपल्याला परके कुठे आहे? ‘करतो आहे’ असे किती जण बोलतात? आपण ‘करतोय’ म्हणतो, ‘आलोय’ म्हणतो, ‘कुठेय’ विचारतो, ‘नाहीये’ सांगतो. ‘काय करतोयस’ या दोन शब्दांत तीन शब्द आहेत, आणि तिसरीतल्या मुलाला त्यांची फोड शिकवावी लागत नाही. बिजौलीचे मूल ‘जा रहे’चे ‘जा रए’ करते, ‘कह रहे’चे ‘कै रए’. म्हणजे आखडण्याची रीत त्याच्या तोंडात आहेच. इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने तिच्यावरून सुरुवात केली तर ‘आयम’ आणि ‘दे आर’चे आखूड रूप समजायला त्याला व्याकरणाच्या मोठ्या नावांची गरज पडणार नाही.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र मराठी मुलाची सवय त्याला उलट दिशेला नेऊ शकते. इंग्रजीत लेखन जितके औपचारिक तितके शब्द पूर्ण. आपल्या पत्रव्यवहारात सर्वांत आदराच्या जागाच सर्वांत आखूड लिहिल्या गेल्या: रा. रा., ती., चि., सा. न. वि. वि., क. लो. अ. मोडी दफ्तरांत तर अक्षरापुढे दंड देऊन तोडलेले शब्द पावलोपावली भेटतात, आणि ती राज्यकारभाराची पत्रे आहेत. तिथे आखडल्याने मान कमी होत नव्हता. अर्थात ते लेखणीचे आखडणे होते, जिभेचे नव्हे. बोलण्यातले रूप लिहावे की नाही, हा वाद आपणही घातला आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी त्यावर तोडगा काढला: एरवी ‘केले’, ‘म्हटले’ लिहावे आणि जिथे बोलणे हुबेहूब उतरवायचे असेल तिथे ‘केलं’, ‘म्हटलं’. एक रूप शुद्ध आणि दुसरे अशुद्ध असा निकाल त्यांनी दिला नाही. जागा वाटून दिल्या. इंग्रजीच्या तासालाही हीच दृष्टी पुरेशी आहे: मैत्रिणीला पत्र असेल तर ‘डोन्ट’, कारखान्याच्या व्यवस्थापकाला अर्ज असेल तर ‘डू नॉट’.

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण रूपवाल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि ते ठिकाण नकाराचे आहे. ‘आयम’मधला अर्धा स्वर ऐकू आला नाही तर फारसे काही बिघडत नाही. ‘कान्ट’मधला ‘ट’ निसटला तर अर्थ उलटा होतो. ब्रिटिश उच्चारात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांचे स्वर तरी वेगळे आहेत. बहुतेक अमेरिकन उच्चारांत दोन्हीकडे ‘कॅ’च, आणि शेवटचा ‘ट’ बरेचदा पूर्ण सुटतही नाही. फोनवर, यंत्रांच्या आवाजात, पहिल्याच मुलाखतीच्या दडपणात तो ऐकू येईल यावर विसंबायचे कसे? ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखनशैली साधी आणि बोलती असावी असा तिथल्या लेखन-मार्गदर्शिकेचा कटाक्ष असतो. तरीही त्या मार्गदर्शिकेत नकाराची आखूड रूपे टाळा असे सांगितले आहे, कारण अनेक वाचकांना ती जड जातात किंवा ते नेमका उलटा अर्थ घेतात. आणि हा सल्ला खुद्द ब्रिटनमधल्या वाचकांसाठी आहे. विमान वाहतुकीत वैमानिक रेडिओवर ‘कान्ट’ म्हणत नाही, ‘अनेबल’ म्हणतो. नकारासाठी ‘नेगेटिव्ह’ हा अख्खा शब्द ठरलेला आहे. ट्रान्सफॉर्मरजवळच्या पाटीवर, औषधाच्या वेष्टणावर, यंत्राच्या सूचनापुस्तिकेत ‘डू नॉट’ सुटे आणि ठळक असावे, शेजारी हिंदीत किंवा मराठीत तीच सूचना असावी, याबाबत मला तडजोड मान्य नाही.

नकाराशी जोडलेली आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत अभावानेच येते. ‘तुला चहा नको?’ असे विचारले तर मराठी माणूस ‘हो, नको’ म्हणतो. त्याचा ‘हो’ प्रश्नातल्या विधानाला दुजोरा देतो. इंग्रजीत ‘डोन्ट यू वॉन्ट टी?’ला ‘येस’ म्हटले की चहा समोर येतो. वाक्याच्या सुरुवातीचा ‘डोन्ट’ ऐकून आपण आपल्या भाषेच्या रीतीने उत्तर देतो आणि समोरचा त्याच्या भाषेच्या रीतीने समजतो. चहाच्या कपात हे खपून जाते. ‘हॅव्हन्ट यू स्विच्ड इट ऑफ?’ या प्रश्नाला ‘येस’ म्हणणाऱ्याने वीज बंद केली आहे की नाही? म्हणून मुलांना नुसत्या ‘येस-नो’वर थांबू न देता पुढचे अर्धे वाक्य बोलायची सवय लावली पाहिजे: ‘नो, आय हॅव्हन्ट’, ‘येस, आय हॅव’. इथे एक नियमही सहज शिकवून होतो. होकाराचे उत्तर आखडत नाही. ‘येस, आयम’ असे कुणी इंग्रज म्हणणार नाही. शेवटच्या शब्दावर जोर असतो, म्हणून ‘येस, आय अॅम’.

आपण भारतीय ज्या एका आखूड रूपावर निःसंकोच प्रेम करतो ते म्हणजे ‘इज्न्ट इट’. ‘यू आर कमिंग, इज्न्ट इट?’ यात मराठीचा ‘ना’ आणि हिंदीचा ‘है ना’ बोलतो. व्याकरणाची पुस्तके तिथे ‘आरन्ट यू’ मागतात. परीक्षेत ते लिहायला शिकवावेच लागेल. पण बोलताना मुलाला त्यावरून टोकू नये असे माझे मत आहे. ऐकणाऱ्याला अर्थ पोहोचतो, आणि बोलणाऱ्याची भीड मोडते ती अशाच जागी.

शाळांपुढे उरतो तो गुणांचा प्रश्न. उत्तरपत्रिकेत ‘डोन्ट’ दिसले की लाल रेघ ओढणारे शिक्षक आहेत आणि काहीच न पाहता पुढे जाणारेही आहेत. दोन्ही रीतींत मुलाला कळत नाही की आपले कुठे चुकले. संवादलेखनाच्या प्रश्नात प्रत्येक वाक्य पूर्ण रूपात लिहिणाऱ्या मुलाने बोलणे ऐकलेलेच नाही असे दिसते. तिथे त्याला आखूड रूपे वापरायला सांगावे. अर्जात ती आली तर पहिल्यांदा गुण न कापता शेजारी पूर्ण रूप लिहून दाखवावे, दुसऱ्यांदा कापावा. अपॉस्ट्रॉफी चुकीच्या जागी पडली तर ती शुद्धलेखनाची चूक आहे, तेवढीच धरावी. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘पत्र लिहा’ एवढ्यावर न थांबता ते कुणाला लिहायचे हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे, कारण ते ठाऊक नसताना कोणते रूप योग्य हे विद्यार्थी तर सोडाच, परीक्षकही ठरवू शकत नाही.