विद्यापीठाचे नाव आणि विद्यार्थ्याचे आडनाव

मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मेली. आजच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे सांगितले तर त्याला ते खरे वाटत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्हा त्यात फार होरपळला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची क्रूर हत्या झाली. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्येच नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले.

या विद्यापीठात येणारी मुले पाहावीत. किनवट-माहूरकडची गोंड, कोलाम, आंध मुले. तांड्यावरून आलेला, घरी गोरमाटी बोलणारा मुलगा. देगलूरकडचा, तेलुगू कानावर घेत वाढलेला. उदगीरकडची, आजीशी कानडीत बोलणारी मुलगी. नांदेड शहरातला उर्दू शाळेत शिकलेला मुलगा. वर्गात ही सगळी एका बाकावर बसतात. प्रश्न वर्ग सुटल्यानंतरचा आहे.

वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मग नांदेडला काय आणि शिकवण्यांच्या लातूरला काय, भाड्याची खोली शोधणे आले. दारात पहिला प्रश्न ‘कोणत्या गावचे?’ आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, ‘कोणत्यातले?’ उत्तर पसंत पडले नाही की खोली कालच गेलेली असते. पाटी मात्र पुढे आठवडाभर फाटकावर असते. हे घरमालक कुणी दुष्ट नव्हेत. ते तुमच्या-आमच्यातलेच आहेत, हे वर्तमानपत्र त्यांच्याही घरी येते.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देण्यासाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आणली. योजना चांगलीच आहे. पण पैसे सरकारचे असले तरी किल्ली घरमालकाच्या कनवटीला! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली भेदभावाविरुद्ध नियम केले, समान संधी कक्ष आणि स्वतंत्र अधिकारी नेमायला सांगितले. त्या अधिकाऱ्याचा अंमलही संस्थेच्या आवारापुरताच.

नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. त्याआधी ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या देशाचा अनुभव इथे कामाला येतो. सरकारी शाळांतला वर्णभेद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरवला. घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहू नये, असा देशभराचा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. शाळेचे दार आधी उघडले, घराचे चौदा वर्षांनी. आपल्याकडे दुसरे दार अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

विद्यापीठाला आणि मोठ्या महाविद्यालयांना यात काही करता येईल. भाड्याच्या खोल्यांची यादी त्यांनी स्वतः ठेवावी. जात-धर्म विचारणार नाही असे लिहून देणाऱ्यांचीच नावे तीत घ्यावीत, आणि तक्रार खरी निघाली तर नाव काढावे. विद्यार्थ्यांच्या भाड्यावर चालणाऱ्या गल्ल्यांमध्ये अशा यादीचा दबाव बसेल. परिसंवाद आणि फलकांपेक्षा नक्कीच जास्त. कुलगुरूंनी चार प्राध्यापकांना घेऊन एक संध्याकाळ या गल्ल्यांतून हिंडायलाही हरकत नाही.

जूनमध्ये पुन्हा पाट्या लागतील. ज्यांची माडीवरची खोली रिकामी आहे, त्यांनी विचारायला आलेल्या पोराला भाडे सांगावे, नळाला पाणी किती दिवसांनी येते ते सांगावे, रात्री फाटक किती वाजता बंद होते तेही सांगावे. आणि नाव विचारायचे ते पावतीवर लिहिण्यापुरते.