यंत्राचे गिऱ्हाईक

दूरचित्रवाणीवर काय दाखवावे याविषयी मध्यमवर्गात एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे याचाही विसर पडावा. ‘आवडत नसेल तर बटण बंद करा, कोणी जबरदस्ती केली आहे?’ हे ते मत. त्याच्या जोडीला आणखी दोन मते सुखाने नांदतात. श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, हे एक. आणि शिक्षण व तंत्रज्ञान पसरले की अंधश्रद्धा आपोआप ओसरेल, हे दुसरे. दिसायला तिन्ही मते उदार. चळवळीतले कार्यकर्तेही ती सहज बोलून जातात, म्हणून त्यांची झडती घेणे भाग आहे.

यांपैकी शेवटच्या मताचा निकाल २१ सप्टेंबर १९९५ रोजीच लागला. गणपती दूध पितो ही वार्ता त्या दिवशी बैलगाडीने पसरली नाही. ती दूरध्वनीने पसरली आणि काही तासांत लंडन-न्यूयॉर्कच्या देवळांपर्यंत पोचली. रांगांमध्ये पदवीधर होते, अधिकारी होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून, पृष्ठताणामुळे ते मूर्तीवरून कसे ओघळते हे लगेच दाखवूनही दिले. परंतु खुलाशाला वार्तेचा वेग कधीच येत नसतो. निरक्षरता हे अंधश्रद्धेचे एकमेव मूळ मानणाऱ्यांनी त्या रांगा आठवाव्यात.

याच्या उलट टोकाला दुसरी एक भाबडी समजूत आहे : सगळा दोष यंत्राचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तेव्हा ‘मोबाईलने माणसे मारली’ असे अग्रलेख निघाले. कंपनीनेही एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडता येणार नाही अशी मर्यादा भारतात घातली आणि आपली सुटका करून घेतली. परंतु परका भटका माणूस दिसला की तो चोरच असणार, हा समज मोबाईलने निर्माण केलेला नाही. त्या नजरेला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का दिला होता. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. मोबाईलने तिला फक्त वाहन पुरवले. वाहनाला शिव्या देऊन वाहनमालक आणि नजर, दोघांनाही मोकळे सोडणे हा सोयीस्कर विचार होय.

या सर्व मतांची खरी परीक्षा मात्र एका जाहिरातीच्या प्रकरणात होते. ‘हनुमान चालीसा यंत्र’ नावाची वस्तू काही वर्षे दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर विकली जात होती. धारण केले की अडचणी दूर होतात, यश येते, असा दावा. तो पटवून द्यायला चित्रपट आणि गायनाच्या क्षेत्रातले परिचित चेहरे. एका शिक्षकाने २०१५ साली याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. ५ जानेवारी २०२१ रोजी खंडपीठाने निकाल दिला : दैवी शक्तीचा दावा करून अशा वस्तू विकणे आणि त्यांची जाहिरात करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत कक्ष उभारण्याचा आदेशही न्यायालयाने दिला.

‘यंत्र’ हा शब्दच किती चतुराईने कामाला लावला आहे पाहा. जुना ताईत त्याने झाकला जातो आणि आधुनिकतेची झळाळी फुकटात मिळते. गावातला भगत निदान समोर बसलेला असतो. गुण आला नाही तर त्याला जाब विचारता येतो, त्याची पत गावातच बुडते. पडद्यावरच्या विक्रेत्याला गाव नाही. त्याला आहे तो फक्त एक दूरध्वनी क्रमांक आणि टपालाने माल पोचवणारी यंत्रणा. येथे श्रद्धेचे रूपांतर मालात झाले आहे. वेष्टनात बांधलेला, किंमत छापलेला, जाहिरातीच्या खर्चाचा हिशेब मांडून बाजारात आणलेला माल. त्याला खाजगी बाब म्हणणे म्हणजे साखर कारखान्याला घरगुती स्वयंपाक म्हणण्यासारखे आहे.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके या मालाच्या बाजूने उभी असतात, हे नमूद केले पाहिजे. ग्राहकाची आवड ही आधीच दिलेली, स्वयंभू गोष्ट आहे असे ती गृहीत धरतात; उत्पादक बिचारा त्या आवडीची सेवा करतो. गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात या गृहीतकावरच घाव घातला. जी व्यवस्था गरज भागवते तीच जाहिरातीच्या द्वारे गरज निर्माणही करत असेल, तर गरज भागवल्याचे पुण्य तिला घेता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. त्यांच्यापुढे संपन्न अमेरिका होती. आपल्याकडे हा युक्तिवाद पुरता लागू पडत नाही, आणि नेमके तेथेच समाजवाद्यांनी अधिक खोल जावयास हवे. घरात आजारी माणूस आणि हाती पैसा नाही. कांदा निघाला आणि भाव पडला. मुलगा पदवीधर आणि नोकरी नाही. या चिंता जाहिरातीने निर्माण केलेल्या नाहीत, त्या खऱ्या आहेत. जाहिरात एवढेच करते की खऱ्या चिंतेला खोट्या वस्तूचा पत्ता सांगते. ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याला यंत्र परवडते, निदान परवडते असे वाटते. त्याला मूर्ख म्हणून हिणवणारा बुद्धिवादी त्याच्या चिंतेकडे पाठ फिरवतो आणि दुकानदाराचे काम सोपे करतो. धर्माला अफू म्हणणारे मार्क्सचे वाक्य तोंडपाठ असणाऱ्या किती जणांनी त्याच परिच्छेदातले पीडितांच्या व्यथेविषयीचे शब्द वाचले आहेत, हा प्रश्न विचारला तर पुष्कळांची पंचाईत होईल.

आता ते बटण. बटण प्रेक्षकाच्या हाती आहे खरे, पण लहरी कोणाच्या? फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक मालमत्तेवर दुकान थाटणाऱ्याला नियम विचारायचे नाहीत आणि रस्त्याने जाणाऱ्याला मात्र ‘डोळे मिटून घे’ म्हणायचे, हा कुठला न्याय? भेसळीच्या दुधाबाबत ‘नको असेल तर पिऊ नका’ असे कोणी म्हणत नाही.

मग सर्व काही सरकारच्या हाती द्यावे काय? या प्रश्नावर समाजवाद्यांची स्मृती तरी शाबूत असावी. उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोचवण्याचा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. प्रयोग मोलाचा होता. पण त्याचा प्रत्येक दिवस आणीबाणीतला होता. उपग्रहावरून शेतीचे धडे दिले जात होते तेव्हा वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि समाजवादी तुरुंगात होते. त्याच काळात, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. आणि त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. कर्तव्य नागरिकाचे; ते विक्रेत्याच्या गळ्यात मात्र कोणी बांधले नाही.

ते बांधण्याचे काम २०१३ च्या कायद्याने काही अंशी केले. त्याची किंमत ठाऊक नाही असा कार्यकर्ता नसेल. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पन्नास हजार! अनेक वाहिन्यांवर जाहिराती देऊ शकणाऱ्या धंद्याच्या खतावणीत ही रक्कम किरकोळ खर्चात जमा होईल. त्याला धाक आहे तो कैदेचा, आणि कैदेपर्यंत प्रकरण जायचे तर तक्रार, पंचनामा, पाठपुरावा हवा.

येथे चळवळीच्या एका सवयीविषयी बोलणे प्राप्त आहे. ‘आमच्या घरी टीव्ही नाही’ असे अभिमानाने सांगणारे साथी सर्वत्र भेटतात. साधी राहणी आदरणीयच. परंतु वैयक्तिक व्रत म्हणजे राजकारण नव्हे. उलट ते त्या बटणाच्या तत्त्वज्ञानाचेच खादीतले रूप आहे : मी माझ्यापुरते बंद केले, पुढचे जो तो पाहून घेईल. ज्याच्या घरी टीव्ही नाही त्याला पडद्यावर काय विकले जाते हे कळत नाही, आणि जे कळत नाही त्याविरुद्ध लढता येत नाही. याचिका करणाऱ्या शिक्षकाने बटण बंद करून समाधान मानले असते तर तो निकाल झालाच नसता.

कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमण्याची जबाबदारी शासनावर आहे. आपल्या भागातला असा अधिकारी कोण, त्याच्याकडे जाहिरातीबाबत आजवर किती तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, एवढी माहिती प्रत्येक तालुका शाखेने अर्ज करून मागवावी. हे काम दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात होते. अर्जासोबत जाहिरातीची तारीख, वेळ आणि वाहिनीचे नाव जोडावे लागेल. त्यासाठी कोणी तरी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर वही घेऊन बसले पाहिजे.