आजोबांना जी काळजी, ती नातवाला का नको?

श्वासनलिकेत नळी घालताना लॅरिंगोस्कोपचे पाते जिभेच्या मुळाशी टेकते, तेव्हा शरीर त्यास आक्रमणच समजते. नाडी धावते, रक्तदाब उसळी घेतो. किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली या प्रतिक्षिप्त क्रियेचे सविस्तर वर्णन केले. म्हणूनच हृदयविकार असलेल्या आजोबांना नळी घालण्यापूर्वी भूलतज्ज्ञ फेन्टानिल, लिग्नोकेन वा एस्मोलोल देऊन ही उसळी आवरतात.

मग नवजात बालकाचे काय? त्याचा रक्तदाब वाढतोच. शिवाय व्हेगस मज्जातंतूमुळे नाडी मंदावते आणि कवटीतील दाबही वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. अशी उसळी रक्तस्रावास निमित्त ठरू शकते. नवजातास वेदना कळत नाहीत, हा समज डॉ. आनंद व हिकी यांच्या १९८७ मधील लेखाने खोडून काढला. तातडीचा प्रसंग वगळता नवजातास नळी घालण्यापूर्वी औषध द्यावे, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१० साली सुचविले. तरीही अनेक ठिकाणी बाळाचे हातपाय धरूनच नळी घातली जाते.

औषधाने श्वास थांबेल, ही भीती निराधार नाही. फेन्टानिल घाईने दिल्यास छाती ताठरते. ते सावकाश द्यावे, अँबू बॅग व मास्क हाताशी असावा. जन्मतः न रडलेल्या बाळासाठी औषधाची वाट पाहू नये. शॉकमधील बाळास तर फार जपून. मात्र आकडा खाली आणणे हे आपले उद्दिष्टच नव्हे. वेदना शमली की रक्तदाबाची उसळीही ओसरते. आणि नियोजित प्रसंगी काही मिनिटे हाताशी असतातच.

खानवेल, मांदोनीच्या पाड्यांवरून आलेली आदिवासी माता काचेपलीकडे उभी असते. बाळाला दुखले का, हे ती विचारत नाही. तिच्या वतीने तो प्रश्न आपणच विचारावयास हवा. सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी जे पाहतील, तेच पुढे करतील.

आपल्या संस्थेतील भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून औषधे, मात्रा व क्रम यांचा एकपानी तक्ता तयार करावा आणि तो प्रत्येक नवजात कक्षाच्या भिंतीवर लावावा, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च कागदाचा, लाभ मात्र आयुष्यभराचा.