बाहुलीच्या तोंडची बातमी

कॅरिबियन समुद्रातले प्वेर्तो रिको हे बेट 1898 मध्ये स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले, मात्र तिथली घरातली, बाजारातली आणि दूरचित्रवाणीवरची भाषा स्पॅनिशच राहिली. 2010 च्या जनगणनेत सुमारे 37 लाख लोकसंख्या नोंदवल्या गेलेल्या या बेटावर विसाव्या आणि एकविसाव्या शतकाच्या सांध्यापासून 2013 च्या आरंभापर्यंत संध्याकाळच्या वेळी ज्या कार्यक्रमाने प्रेक्षकसंख्येत वर्षानुवर्षे आघाडी राखली, त्या ‘सुपरएक्सक्लुसिवो’ची सूत्रधार कोणी वृत्तनिवेदिका नसून एक बाहुली होती. प्रौढ, नटलेल्या, फटकळ बाईच्या रूपातल्या या बाहुलीचे नाव ‘ला कोमाय’, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे नात्यात आलेली आणि एरवीही घरोबा असलेली शेजारीण. तिला हालवणारा आणि तिला आवाज देणारा कलावंत आंतुलिओ सांतारोसा हा ‘कोब्बो’ या नावाने ओळखला जातो. वापा या वाहिनीवरून चालणाऱ्या या कार्यक्रमाचा मुख्य ऐवज नटनट्या, गायक आणि राजकारणी यांच्या खासगी भानगडी हा होता, आणि अशा कुजबुजीसाठी त्या बेटावर ‘बोचिंचे’ हा शब्द सर्रास वापरला जातो.

कार्यक्रमाची मांडणी साधी असली तरी तिच्यामागे पक्के नाट्यभान होते. बाहुलीशेजारी एक्तोर त्राविएसो हा हाडामांसाचा सहनिवेदक बसत असे. तो तिच्याशी खऱ्या बाईशी बोलावे तसा बोले, तिच्या गौप्यस्फोटांवर चकित होई, क्वचित तिला आवरण्याचाही प्रयत्न करी. जिवंत माणूस बाहुलीला व्यक्ती म्हणून वागवू लागला की पाहणाराही तिला व्यक्ती मानू लागतो, हे बाहुलीनाट्याचे जुने तत्त्व आहे. ते इथे करमणुकीपुरते मर्यादित राहिले नाही, तर त्याच्या आधाराने एक वेगळेच अधिकारपद उभे राहिले. ला कोमाय पोलीस तपासावर बोले, न्यायालयीन खटल्यांवर बोले, सरकारी कारभारातल्या गैरप्रकारांवर बोले, आणि तिच्या म्हणण्याची दुसऱ्या दिवशी गंभीर चर्चा होई.

दूरचित्रवाणीवरच्या बाहुल्यांना यापूर्वी मिळालेली प्रतिष्ठा मुख्यतः विडंबनाची आहे. ब्रिटनमध्ये 1984 पासून 1996 पर्यंत चाललेल्या ‘स्पिटिंग इमेज’ने पंतप्रधानांपासून राजघराण्यापर्यंत सर्वांचे रबरी पुतळे करून त्यांची टवाळी केली. फ्रान्समध्ये कनाल प्लुस वाहिनीवरच्या ‘ले गिन्योल’ने 1988 पासून तीन दशके तेच केले. रशियात एनटीव्हीवरच्या ‘कूक्ली’ने तर नव्याने सत्तेवर येणाऱ्या पुतिन यांना परीकथेतल्या विद्रूप बुटक्याच्या रूपात दाखवण्याचे धाडस केले आणि सत्तेचा रोष ओढवून घेतला. या सर्व कार्यक्रमांत बाहुली ही सत्ताधीशाची प्रतिमा असते. तिच्या तोंडी जे शब्द घातले जातात ते त्या सत्ताधीशाने खरोखर उच्चारले असे कोणीही समजत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी कायदा विडंबनाला मोकळीक देतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ‘हस्लर’ मासिक आणि धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले: जी गोष्ट कोणताही समंजस वाचक खरी मानणार नाही, तिच्यामुळे सार्वजनिक व्यक्तीला झालेल्या मनस्तापाची भरपाई मागता येत नाही.

ला कोमायचे स्थान या परंपरेच्या अगदी उलट टोकाला आहे, आणि तिच्याविषयीची बहुतेक चर्चा हा फरक न ओळखल्यामुळेच भरकटते. ही बाहुली कोणाचीही नक्कल नाही; ती स्वतः वक्त्री आहे आणि तिचे बोलणे दुसऱ्या माणसांविषयीची माहिती म्हणून सादर होते. विडंबन टिकते ते त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून, आणि कुजबुज चालते ती तिच्यावर विश्वास ठेवला जातो म्हणून. विडंबनाला मिळणारी सवलत आणि बातमीला मिळणारी विश्वासार्हता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पदरात पाडून घेणे हे या प्रकाराचे खरे सामर्थ्य होते, आणि त्यातला गंभीर दोषही तोच होता. आक्षेप घेणाऱ्याला ‘बाहुलीच ती, तिचे काय मनावर घ्यायचे’ असे सांगता येई. प्रेक्षकाला मात्र तीच बाहुली ‘आतली बातमी’ देत असे.

मराठी प्रेक्षकाला बोलक्या बाहुल्यांचा खेळ नवा नाही. य. के. पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोहोचवलेला अर्धवटराव हा समोरच्या मान्यवरालाही चार शब्द सुनावतो, पण त्या वेळी शब्दभ्रमकार त्याच्या शेजारीच, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो. बाहुली उद्धट बोलली तर तिचा धनी ओशाळतो, तिला दटावतो, क्वचित क्षमाही मागतो. शब्दांची जबाबदारी कोणाची हे लहान मुलालाही दिसत असते. ला कोमायच्या मंचावर ही जागा सहनिवेदकाने घेतली होती, पण बोलवता धनी तो नव्हता. सांतारोसाचे नाव बेटावर सर्वांना ठाऊक होते हे खरे. तरीही पडद्यावर त्याचा चेहरा नसल्यामुळे आरोप होत असताना आरोप करणारा माणूस दिसत नव्हता, आणि दिसणे व ठाऊक असणे यांतला हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

बाहुलीच्या बोलण्यात ‘अपारेंतेमेंते’ आणि ‘आलेगादामेंते’, म्हणजे ‘वरकरणी’ आणि ‘असे म्हटले जाते’, हे दोन शब्द पालुपदासारखे येत. वकिलाच्या सल्ल्याचा वास असलेले हे शब्द तिच्या तोंडी इतके रुळले की लोकांनी ते तिची लकब म्हणून उचलले. संशयाची शक्यता राखून बोलणे हे जबाबदार पत्रकारितेचे लक्षण आहे. इथे मात्र ते आरोपाच्या शेपटीला बांधलेले कवच झाले, कारण स्वर, हावभाव आणि पार्श्वसंगीत संशयाला काहीच जागा ठेवत नव्हते. प्वेर्तो रिकोला अमेरिकी संविधानातले भाषणस्वातंत्र्य लागू असल्यामुळे बदनामीचा कायदाही तिथल्याच चौकटीत चालतो. 1964 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ या निकालानुसार सार्वजनिक पदाधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर विधान खोटे आहे हे माहीत असताना किंवा खऱ्याखोट्याची जाणूनबुजून बेपर्वाई करून ते केले गेले, असे सिद्ध करावे लागते. 1974 च्या ‘गर्ट्झ’ निकालाने सामान्य व्यक्तीसाठी ही अट शिथिल केली आहे. तरीही खटल्याचा खर्च, वर्षानुवर्षांचा काळ आणि त्या निमित्ताने बदनामीचीच पुन्हा होणारी उजळणी यांमुळे सामान्य माणूस त्या वाटेला सहसा जात नाही.

या कार्यक्रमाच्या लोकप्रियतेला केवळ हीन अभिरुचीचे लक्षण ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. 2011 या एका वर्षात बेटावर 1100 हून अधिक खून झाले होते. तपास रेंगाळत, प्रतिष्ठितांविरुद्धची प्रकरणे थंडावत आणि लोकांचा संस्थांवरचा विश्वास ढासळत चालला होता. अशा वेळी जी कोणी अधिकाऱ्यांची नावे घेऊन जाब विचारते ती बाहुली असली तरी लोकांना आपली वाटते. 2010 मध्ये दोरादो या गावात आठ वर्षांच्या एका मुलाचा संशयास्पद मृत्यू झाला, तेव्हा ते प्रकरण दडपले जाऊ नये म्हणून ला कोमायने त्याचा सतत पाठपुरावा केला आणि असंख्य प्रेक्षकांनी तिला मनापासून साथ दिली. त्या पाठपुराव्यातही संशयाची बोटे फिरत राहिली आणि पुराव्यापेक्षा तर्क पुढे धावला, पण इतर माध्यमे विसरून जातील अशी भीती असलेल्या एका मुलाचे नाव तिने विसरू दिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक क्लेशकारक आहे.

2012 च्या नोव्हेंबरअखेरीस जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्या 32 वर्षांच्या एका तरुणाचे अपहरण होऊन त्याचा अत्यंत क्रूरपणे खून झाला आणि सारे बेट हादरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ला कोमायने या घटनेवर बोलताना, तो तरुण कागुआस शहरातल्या वेश्याव्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात कशासाठी गेला असावा याविषयी सूचक प्रश्न उभे केले आणि त्याच्या मृत्यूचा काही दोष त्याच्याच वर्तनाकडे वळवला. ज्याच्या मृत्यूला जेमतेम काही दिवस झाले होते, ज्याला उत्तर देता येणार नव्हते आणि जो कधीही सार्वजनिक व्यक्ती नव्हता, त्याच्या चारित्र्यावर नटनट्यांच्या भानगडींसाठी बेतलेले तंत्र जसेच्या तसे वापरले गेले. प्रसिद्धी हाच ज्याचा व्यवसाय आहे अशा कलावंताविषयीची कुजबुज आणि शोकात बुडालेल्या कुटुंबासमोरची कुजबुज यांत बाहुलीला काही फरक करता आला नाही. कारण तिच्या स्वरपट्टीत शोकासाठी सूरच नव्हता.

कायद्याकडे या प्रसंगी द्यायला फारसे काही नव्हते. अमेरिकी परंपरेत मृत व्यक्तीची बदनामी सहसा दाव्याला पात्र ठरत नाही. न्यायालयाची वाट सोपी नसल्याने लोकांनी दुसरी वाट धरली. फेसबुकवर बहिष्काराची हाक देणारे पान सुरू झाले, त्याला हजारो लोक येऊन मिळाले, आणि त्यांनी बाहुलीला शिव्या देण्याऐवजी तिच्या कार्यक्रमात जाहिराती देणाऱ्या कंपन्यांना, तुमचा पैसा यासाठी खर्च व्हावा असे तुम्हाला वाटते का, असे एकेक करून विचारले. वॉलमार्टसारख्या मोठ्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. थेट प्रक्षेपणाऐवजी कार्यक्रम आधी चित्रित करून मगच दाखवण्याचे वाहिनीने ठरवले, मजकुरावरचे हे नियंत्रण सांतारोसाला मान्य झाले नाही, आणि 8 जानेवारी 2013 रोजी ‘सुपरएक्सक्लुसिवो’ बंद झाल्याचे जाहीर झाले.

या बहिष्काराला काहींनी सेन्सॉरशिप म्हटले, पण ते पटणारे नाही. सरकारने काही बंद केले नाही, कोणाला अटक झाली नाही. ज्या पैशावर कार्यक्रम उभा होता त्या पैशाच्या मालकांना ग्राहकांनी जाब विचारला, एवढेच घडले. खरा खेद वेगळ्या गोष्टीचा आहे. समलिंगी व्यक्तींविषयी या बाहुलीने वापरलेल्या हीन शब्दांबद्दल पेद्रो हुलिओ सेर्रानो यांच्यासारखे कार्यकर्ते कितीतरी आधीपासून आक्षेप नोंदवत होते. तेव्हा जाहिरातदारांनाही घाई वाटली नाही आणि वाहिनीलाही, कारण दुखावला जाणारा गट लहान होता आणि हसणारा मोठा. थेट प्रक्षेपणावर नजर ठेवण्याचा जो उपाय वाहिनीला जाहिराती जाताच सुचला तो त्याआधी दशकभर कधीही करता आला असता, आणि तसे झाले असते तर कदाचित कार्यक्रमही वाचला असता.

2019 मध्ये ला कोमाय मेगा टीव्ही या दुसऱ्या वाहिनीवरून परतली आणि तिला पुन्हा प्रेक्षक लाभले. प्रेक्षक तिला हवी म्हणतात हा त्यांचा अधिकार आहे, आणि अशा बाहुलीवर बंदी घालावी अशी मागणी या स्तंभातून होणार नाही. मागणी वाहिन्यांकडे आहे: बाहुलीने ज्याच्याविषयी बोलायचे त्याला प्रक्षेपणाआधी विचारणा झालेली असावी, त्याचे उत्तर त्याच कार्यक्रमात आणि तेवढ्याच ठळकपणे दिले जावे, आणि आरोप चुकीचा ठरल्यास दुरुस्ती सांगण्यासाठी मुखवट्यामागच्या माणसाने स्वतःच्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर यावे.