रेवडीवरच्या कुस्तीचा धडा

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी पिरंगुटच्या अलीकडच्या एका मैदानावर बारा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल सामना पाहत उभा होतो. व्याकरण शिकवणाऱ्याची खोड अशी की सामन्यापेक्षा कडेला उभ्या असलेल्यांच्या तोंडची क्रियापदेच अधिक ऐकू येऊ लागली. मार. दे. पळ. थांब. मागे ये. सोड त्याला. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही प्रशिक्षक आणि वीस-पंचवीस पालक यांच्यापैकी कुणाच्याही तोंडून आज्ञार्थाखेरीज दुसरे रूप निघाले नाही. एका मुलाकडे चेंडू आला. त्याने मान वर करून आधी वडिलांकडे पाहिले, आणि तेवढ्यात चेंडू गेला. वडील ओरडले, "लक्ष कुठं आहे तुझं?" लक्ष वडिलांकडेच होते. तीच तर अडचण होती.

हा प्रसंग मुलाच्या कोवळ्या मनाची कीव यावी म्हणून सांगत नाही. मुद्दा खेळाचाच आहे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये विचाराला जागा असते. कर्णधार क्षेत्ररक्षण बदलू शकतो, तंबूतून निरोप येऊ शकतो. फुटबॉलला अशी उसंत नाही. चेंडू कुणाला द्यायचा, की स्वतःच पुढे न्यायचा, हा निर्णय ज्याच्या पायात चेंडू आहे त्यानेच, त्याच क्षणी घ्यायचा असतो. कडेवरून आलेली आज्ञा कितीही शहाणपणाची असली तरी ती कानापर्यंत पोहोचून पायात उतरेपर्यंत शिळी झालेली असते. अशा आज्ञांवर वाढलेल्या मुलाचे कान तयार होतात, डोळे होत नाहीत. आमच्या वर्गात वर्षानुवर्षे 'अपेक्षित प्रश्नसंचा'वर पोसलेला विद्यार्थी न वाचलेली कविता समोर आली की जसा शिक्षकाच्या तोंडाकडे पाहतो, तसाच तो मुलगा वडिलांकडे पाहत होता. ही तुलना सुचली तेव्हा माझीच मान थोडी खाली गेली, हेही सांगितले पाहिजे.

याच सामन्याच्या मध्यंतरात एका संघाचा तरुण प्रशिक्षक मुलांना गोलाकार बसवून विचारत होता, "डावीकडं कोण मोकळं होतं रे? कुणी पाहिलं?" तिघांनी तीन उत्तरे दिली. त्याने कुणालाच चूक ठरवले नाही. "आता खेळताना बघा," एवढेच म्हणाला. सकाळभरात मी ऐकलेले हे पहिले प्रश्नार्थक वाक्य.

मुळशीच्या संदर्भात या गोष्टीला अधिक वजन आहे. आपण 'बालेवाडी' म्हणतो ते श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल म्हाळुंगे-बालेवाडीचे, आणि म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातले गाव. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले. 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. 2022 मध्ये आशियाई महिला फुटबॉल चषकाचे सामने झाले. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही व्यावसायिक क्लब याच मैदानाला घर म्हणत. 2015 ते 2019 या काळात ते एकामागून एक व्यावसायिक स्पर्धांतून नाहीसे झाले. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो पुण्यातल्या याच क्लबांच्या अकादमींत वाढलेला. ज्या शिडीने तो चढला, तिच्या पायऱ्या पुढच्या दोनेक वर्षांत निघाल्या.

क्लब जातात, मुले राहतात. त्यांच्यासाठी उरतो तो गावातला एखादा 'सर': दिवसा नोकरी करणारा, संध्याकाळी शिट्टी आणि चार शंकू घेऊन उभा राहणारा, बहुधा स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारा. शाळेचे पटांगण मिळाले तर ठीक. नाहीतर तासावर भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळ. जिथे भात निघत असे तिथेच ती हिरवळ पसरलेली आहे, आणि जमीन विकलेल्याच्या मुलाला तिथे पाय ठेवायचा तर पैसे मोजावे लागतात. 'मुळशी पॅटर्न' (2018) या चित्रपटाने जमीन गेल्यानंतरच्या तरुणांचे जे चित्र रंगवले, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

पण इथेच सावध व्हावेसे वाटते. 'मैदान द्या, मुले वाईट मार्गाला जाणार नाहीत' हे वाक्य सभासंमेलनांत फार सहज बोलले जाते. मैदान आपोआप काही करत नाही. तिथे कोण कोणत्या भाषेत बोलतो त्यावर सगळे अवलंबून असते. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मधला (2022) एक प्रसंग मला त्या चित्रपटातल्या विजयापेक्षा मोलाचा वाटतो. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला त्यातला प्राध्यापक वस्तीतल्या मुलांना आधी खेळण्याचे पैसे देतो. मग एके दिवशी पैसे नाहीत म्हणतो, आणि मुले तरीही खेळतात. तंत्र शिकवण्याच्या कितीतरी आधी त्याने खेळण्याची गरज निर्माण केलेली असते. चित्रपटाची चर्चा जात, वस्ती, नायक यांभोवती फिरली, आणि ते योग्यही होते. शिकवण्याविषयीचा हा धागा मात्र आपण समीक्षकांनी फारसा उचलला नाही.

आक्षेप मला ठाऊक आहे. स्पर्धेशिवाय खेळाडू घडत नाही, मुलांनाही जिंकायचेच असते. अगदी खरे. पण बाराव्या वर्षी जिंकणारा बहुधा कोण असतो? 1985 मध्ये रॉजर बार्न्स्ली यांनी कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. वयोगटाची रेघ 1 जानेवारीला ओढली की जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. त्याची उंची आपल्याला गुणवत्ता वाटते, आणि लहानखुरा बाकावर बसून कंटाळून घरी जातो. मुलींच्या बाबतीत तर घरी जायला एवढेही कारण लागत नाही. नॉर्वेने अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते आणि तेराव्यापर्यंत अजिंक्यपद स्पर्धाच बाजूला ठेवल्या आहेत. तेवढ्यामुळे त्या देशाचे खेळातले पाणी काही आटलेले नाही.

आणि नॉर्वेपर्यंत जायचे तरी कशाला? आपल्या जत्रेतल्या आखाड्याची सुरुवात रेवडीवरच्या कुस्त्यांनी होते. हलगी वाजते आणि लहान पोरे लंगोट लावून मातीत उतरतात. त्या कुस्त्यांवर मोठी बोली नसते, कुणाच्या घराण्याची अब्रू पणाला लागत नाही. मूठभर रेवड्या मिळतात आणि लोक हसत टाळ्या वाजवतात. निकालाची मोठी कुस्ती दिवस कलल्यावर, तयार पैलवानांची. पोराला आधी माती आवडू द्यायची, पाठ लागण्याची भीती जाऊ द्यायची, मग डाव शिकवायचे, हा क्रम गावाने कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय जाणला होता. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच तालमींच्या नावाने उभे राहिले. तालमीतले हे शहाणपण मुळशीच्या मातीलाही परके नाही. आपण मात्र मुलांच्या फुटबॉलमध्ये थेट शेवटच्या कुस्तीपासून सुरुवात करतो, आणि पाचव्या-सहावीतल्या मुलाच्या हातात करंडक देऊन चौकात फलक लावतो.

म्हणून पालकांना आणि प्रशिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सामना चालू असताना गप्प राहावे. मध्यंतरात सांगण्याऐवजी विचारावे. संघातल्या प्रत्येकाला मैदानावर वेळ मिळेल असे पाहावे. आणि हंगामाच्या शेवटी किती सामने जिंकले याच्या आधी मोजावे ते हे, की जूनमध्ये आलेल्या मुलांपैकी आणि मुलींपैकी किती जण अजून येत आहेत. हा आकडा कुठल्या करंडकावर कोरला जात नाही, पण प्रशिक्षकाची परीक्षा त्यातच असते. आमचीही असते. बीएच्या पहिल्या वर्षाला मराठी घेतलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती उरतात, हे आम्ही तरी कुठे मोजतो?

त्या रविवारी सामना संपल्यावर तो वडिलांकडे पाहणारा मुलगा बाटलीतले पाणी डोक्यावर ओतून घेत मित्राला कसलीशी युक्ती पायाने करून दाखवत होता. वडील गाडीजवळून हाक मारत होते, "चल." ते पुन्हा आज्ञार्थीच. या खेपेला मात्र मुलाने ऐकले नाही.